स्मारकें आणि राष्ट्राची स्मृति

आपल्या जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या खेड्यांत गेलें असतां, वेशीपाशीं किंवा मारुतीच्या पाराजवळ, शेंदूर फासलेला एक उभा दगड पुष्कळदां दृष्टीस पडतो. त्यावर खालून वर असे तीन किंवा चार कप्पे कोरलेले असतात. अगदीं खालच्या कप्प्यांत कोणी योद्धा पडलेला असतो. कधीं त्याच्या शेजारीं गाई दाखविलेल्या असतात, आणि त्यावरून तो गांवचीं गुरें सोडवितांना पडला असें समजावयाचें. मधल्या कप्प्यांत अप्सरा त्यास स्वर्गास नेत आहेत. वरच्यांत तो शिवलिंगाची पूजा करीत बसला आहे. आणि माथ्यावर चंद्र व सूर्य आहेत, म्हणजे हे दोघे आकाशांत आहेत तोंवर ह्याची कीर्ति राहो. ह्या दगडास वीरगळ म्हणतात. चंद्रसूर्य अजून आहेत, दगडहि आहे; परंतु तो वीर कोण, कोणत्या शतकांतला, कोणाशीं लढतांना पडला, हें गांवांत कोणासहि ठाऊक नसतें. बहुतेक वीरगळांवर अक्षरें नसतात. ज्यांनीं ते उभारिले त्यांस नांव कोरण्याची गरज भासली नसावी, कारण त्या वेळीं तें प्रत्येक पोरास माहीत असणार. पुढें सांगणारे गेले आणि दगड मुका झाला. आतां त्यास कोणी म्हसोबा म्हणून नारळ फोडतो, तर कोणी त्यावर कपडे वाळत घालतो.

पवित्र शास्त्रांत यहोशवाची एक गोष्ट आहे. लोक यार्देन नदी उतरून गेल्यावर त्यानें पात्रांतून बारा धोंडे काढविले व ते गिलगाल येथें उभे केले. हे धोंडे कशाचे, असें पुढें मुलें विचारतील तेव्हां वडिलांनीं त्यांस हकीकत सांगावी, एवढाच त्यांचा हेतु होता. स्मारकाची ह्याहून नेमकी कल्पना मला दुसरीकडे आढळलेली नाहीं. धोंडा स्वतः कांहीं सांगत नाहीं. तो मुलास प्रश्न विचारावयास लावतो. उत्तर द्यावयाचें तें वडील माणसांनीं. आणि सर्व तंटे माजतात ते त्या उत्तरावरूनच.

इतिहास आणि राष्ट्राची स्मृति ह्या दोन वस्तु एक नव्हेत. इतिहासाचें वास्तव्य दप्तरांत, सनदांत व अहवालांत असतें. नवा पुरावा सांपडला कीं तो बदलतो, आणि त्यांत मतभेदास जागा असते. स्मृतीचें घर निराळें. ती चौकांतल्या पुतळ्यांत, रस्त्याच्या पाटीवर, सुट्यांच्या यादींत आणि पाठ्यपुस्तकांतील चित्रांत राहते. सहा वर्षांचें मूल प्रथमच ध्वजापुढें रांगेंत उभें राहतें, त्या वेळीं त्यास इतिहास कांहींहि येत नसतो. परंतु 'आपण' हा शब्द तें शिकत असतें. आपण म्हणजे कोण, आपल्यासाठीं कोण मेले, आपल्याला कोणी छळलें, हें त्यास त्या रांगेंत न सांगतां कळतें. लाखों मुलांस ही एकच शिकवण वर्षानुवर्षें मिळाली म्हणजे तींतून राष्ट्राची ओळख तयार होते. म्हणूनच कोणतें स्मारक उभारावें, कोणता दिवस पाळावा व त्यास काय म्हणावें, हे प्रश्न वरवर पाहतां नगरपालिकेच्या ठरावाचे दिसले, तरी त्यांच्या पोटांत फार मोठा प्रश्न दडलेला असतो.

ह्याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. विद्यार्थिमित्रहो, उर्वरित महाराष्ट्रांत सरकारी ध्वजवंदन वर्षांतून तीन वेळां होतें. आपल्या मराठवाड्यांत तें चार वेळां होतें. चौथा दिवस १७ सप्टेंबर. परभणी शहरांत त्या दिवशीं राजगोपालाचारी उद्यानांतील स्मृतिस्तंभापाशीं ध्वज फडकतो व हुतात्म्यांस मानवंदना दिली जाते. ज्यांच्या नांवाचें हें उद्यान, ते राजगोपालाचारी १९४८ च्या सप्टेंबरांत हिंदुस्थानचे गव्हर्नर-जनरल होते, ही गोष्ट तेथें खेळावयास जाणाऱ्या मुलांपैकीं कितीजणांस माहीत असेल, ह्याची मला शंका आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, तेव्हां परभणी त्या देशांत नव्हती. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पांच मराठी जिल्हे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या हैदराबाद संस्थानांत होते, आणि तेथें तिरंगा फडकविण्यास मनाई होती. आसफजाही घराण्याची ही सत्ता १७२४ पासून चालत आलेली होती. संस्थानांतील स्टेट काँग्रेसवर १९३८ सालीं ती रीतसर स्थापन होण्यापूर्वींच बंदी घालण्यांत आली. त्याच वर्षीं उस्मानिया विद्यापीठांत वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनीं 'वंदे मातरम्' गाण्याचा हट्ट सोडला नाहीं म्हणून त्यांस काढून टाकण्यांत आलें, व त्यांतील पुष्कळांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. ह्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शाळामास्तर, हें लिहितांना एका शिक्षकास थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी. १९४७-४८ च्या वर्षांत सरहद्दीपलीकडे कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. इकडे रझाकार नांवाच्या सशस्त्र दलानें खेड्यांतून जुलूम मांडला. त्या दलाचा पुढारी कासीम रझवी हा लातुरास वकिली करणारा गृहस्थ होता. शेवटीं १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें, १७ तारखेस निजामानें शरणागति जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या सेनापतीनें जनरल चौधरी ह्यांच्यापुढें शस्त्रें ठेविलीं.

इतकी हकीकत सर्वमान्य आहे. आतां तिच्या नांवांकडे पाहावें. दिल्लीच्या सरकारनें त्या वेळीं ह्या मोहिमेस 'पोलीस ॲक्शन' म्हटलें. रणगाडे व विमानें वापरूनहि पोलिसांचें नांव कां घेतलें? कारण हैदराबादनें ऑगस्ट १९४८ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे दाद मागितली होती. युद्ध म्हटलें असतें तर दोन राष्ट्रें आहेत असें कबूल केल्यासारखें झालें असतें, आणि पोलिसांचें काम म्हटलें म्हणजे तो घरांतला बंदोबस्त ठरतो. आपल्या खेड्यांतील वृद्ध माणसें अजूनहि 'पुलीस ॲक्शनचं साल' असेंच म्हणतात. सरकारी भाषेंत मात्र महाराष्ट्रांत त्यास 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' हें नांव मिळालें. मुक्ति म्हटलें कीं पूर्वींचें तें बंधन ठरतें. संग्राम म्हटलें कीं हें काम केवळ सैन्यानें केलेलें नसून लोक लढले, असें ठरतें. तिकडे कर्नाटकांत जुन्या हैदराबाद-कर्नाटक प्रदेशास २०१९ मध्यें 'कल्याण कर्नाटक' असें नांव देण्यांत आलें, व तोच दिवस तेथें कल्याण कर्नाटक उत्सव म्हणून साजरा होऊं लागला. म्हणजे नांवांतून हैदराबादच वगळलें गेलें. तेलंगणांत तर एकाच तारखेनें अवघ्या दोन वर्षांत दोन नांवें धारण केलीं. २०२२ सालीं तेथील सरकारनें 'राष्ट्रीय एकात्मता दिन' म्हटलें, आणि २०२४ सालीं त्यानंतर आलेल्या सरकारनें 'प्रजा पालन दिन' म्हटलें. केंद्र सरकारनें मार्च २०२४ मध्यें हाच दिवस दरवर्षीं 'हैदराबाद मुक्तिदिन' म्हणून पाळण्याचें जाहीर केलें. सूर्य तोच, तारीख तीच, ध्वजहि तोच. परंतु गुलबर्ग्याचें, वरंगळचें आणि परभणीचें मूल त्या दिवशीं तीन निरनिराळ्या गोष्टी ऐकून घरीं जातें. ह्यांपैकीं कोणतीहि गोष्ट धादांत खोटी नाहीं. प्रत्येकीनें त्या घटनेचा एक एक भाग उचलून हातांत धरला आहे.

ह्या स्मृतींत न बसणाऱ्याहि कांहीं गोष्टी आहेत. ज्या निजामापासून मुक्ति मिळाली तेच निजाम पुढें भारतीय संविधानाखालीं १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. मुक्तिदिनाच्या भाषणांत हें वाक्य मीं तरी कधीं ऐकलेलें नाहीं. शोएबुल्ला खान हे 'इमरोज' ह्या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. हैदराबादनें भारतांत सामील व्हावें असें त्यांनीं लिहिलें, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्यें त्यांचा खून करण्यांत आला. हा हुतात्मा आपल्याच लढ्याचा. परंतु आमच्या वर्गांतील किती मुलांस त्याचें नांव येतें?

ह्याहून कठीण असा एक भाग आहे, आणि तो टाळून पुढें जाणें मला योग्य वाटत नाहीं. रझाकारांनीं केलेले अत्याचार खरे आहेत. त्यांत पोळलेल्या घरांतील मुलें आपल्या शाळेंत शिकतात. परंतु सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत अनेक जिल्ह्यांतून निरपराध मुसलमानांचीहि कत्तल झाली. त्याची चौकशी करण्यासाठीं पंडित सुंदरलाल ह्यांच्या नेतृत्वाखालीं दिल्लीहून मंडळ आलें होतें. त्यानें अत्यंत सावध अंदाज म्हणून २७ ते ४० हजार माणसें मेलीं असें लिहिलें, आणि सर्वांत अधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारच्या नांदेड व उस्मानाबादचीं नांवें घातलीं. त्याच अहवालांत हेंहि लिहिलें आहे कीं, कित्येक ठिकाणीं हिंदूंनीं मुसलमान शेजाऱ्यांस वांचविलें. विशेषतः हिंदु विणकरांनीं आपल्या धंद्यांतील मुसलमान विणकरांच्या रक्षणार्थ प्राणहि दिले. तो अहवाल अनेक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं; २०१३ सालीं ए. जी. नूरानी ह्यांच्या पुस्तकांत तो छापला गेला. ह्या मृतांचा स्तंभ किंवा दिवस परभणींत नाहीं, आणि त्या विणकरांचाहि नाहीं. ज्यांचा दगड उभा राहात नाहीं त्यांची आठवण नाहींशी होते असें मात्र नाहीं. ती घरांत दार लावून सांगितली जाते, आणि दाराआड सांगितलेली गोष्ट पिढीगणिक अधिक कडू होत जाते.

जर्मनींतील एक प्रकार येथें सांगण्यासारखा आहे. गुंटर डेमनिग नांवाच्या कलावंतानें १९९२ पासून, नाझी राजवटीनें ज्या माणसांस ओढून नेलें त्यांच्या घरासमोर पदपथांत हाताच्या पंज्याएवढे पितळी मुखाचे दगड बसविण्यास आरंभ केला. प्रत्येकावर एका माणसाचें नांव, जन्मसाल व त्याचें काय झालें एवढेंच. अशा दगडांची संख्या आतां युरोपांत एक लाखाच्या वर गेली आहे. नांव वाचावयाचें तर वाटसरूस खालीं वाकावें लागतें. स्वतःच्या लोकांनीं केलेल्या अपराधाची आठवण राष्ट्रानें आपल्याच अंगणांत बसवावी, ही कल्पना आपल्याकडे अद्याप रुजलेली नाहीं. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनें १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत राज्यभर सुमारें दोनशें हुतात्मा स्मारकें बांधलीं. हेतु उत्तम होता. परंतु बांधणाऱ्यानें झाडण्याची तरतूद केली नाहीं, आणि अनेक ठिकाणीं आज कुलूप, गवत व फुटक्या खिडक्या हेंच दृश्य आहे.

दगडाविटांवांचून केवळ नांवानेंहि स्मारक होतें. आपल्या जिल्ह्यांतील महाविद्यालयें ज्या विद्यापीठास जोडलेलीं आहेत तें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं मुद्दाम १७ सप्टेंबर ह्याच दिवशीं नांदेडास स्थापन झालें. पूर्वीं आपल्याच जिल्ह्यांत असलेल्या आणि आतां हिंगोलींत गेलेल्या वसमत येथील बहिर्जी स्मारक महाविद्यालय मुक्तिसंग्रामांतील हुतात्मा बहिर्जी शिंदे ह्यांचें नांव चालवितें. १९७२ मध्यें परभणीस स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ २०१३ पासून वसंतराव नाईक ह्यांचें नांव धारण करितें. अशीं नांवें पदवीच्या कागदावर छापलीं जातात आणि माणसाबरोबर नोकरीच्या गांवीं जातात, म्हणून त्यांचा परिणाम पुतळ्याहून दूरवर पोहोंचतो.

त्यामुळेंच नांवासाठीं रक्तहि सांडतें. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचें नांव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्यें विधिमंडळांत झाला, आणि लगेच मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांतून दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरें जळालीं, माणसें मारलीं गेलीं. परभणी जिल्हाहि त्यांतून सुटला नाहीं. ठराव अमलांत यावयास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला, आणि तोहि 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असें दोन्ही नांवें एकत्र गुंफून. एका पक्षास वाटे, आमच्या प्रदेशाची ओळख पुसली जाते. दुसऱ्यास वाटे, ह्या प्रदेशांत आमची ओळख कधीं लिहिलीच गेली नाहीं. पहिल्यांचें भय कल्पनेंतलें होतें व दुसऱ्यांची वेदना अनुभवांतली होती, असें माझें मत आहे. आजहि दर १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशीं हजारों माणसें येतात. तें द्वार जाण्यायेण्यासाठीं बांधलें गेलें. लोकांनीं त्याचें स्मारक केलें.

स्मारकाचा अर्थ उभारणाऱ्याच्या हातीं राहात नाहीं, ह्याचें सर्वांत मोठें उदाहरण भीमा नदीकांठच्या कोरेगांवचा स्तंभ हें होय. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीनें तो आपल्या विजयाची खूण म्हणून उभारिला. त्यावर पडलेल्या शिपायांचीं नांवें आहेत, व त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेलीं महार शिपायांचीं नांवें बरींच आहेत. १ जानेवारी १९२७ रोजीं बाबासाहेब तेथें गेले. तेव्हांपासून परक्या सत्तेचा तो जयस्तंभ, ज्यांस शतकानुशतकें गांवकुसाबाहेर ठेविलें त्यांच्या शौर्याचा व स्वाभिमानाचा स्तंभ झाला. एकहि अक्षर न बदलतां दगड फिरला.

आणि हें सर्व ज्या दिवशीं आपल्या दारांत येऊन उभें राहिलें, तो दिवस परभणीकर विसरणार नाहींत. रेल्वे स्टेशनाजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोर संविधानाची एक प्रतिकृति ठेवलेली आहे. १० डिसेंबर २०२४ रोजीं एका इसमानें तिची नासधूस केली. दुसऱ्या दिवशीं शहर बंद होतें. त्यास हिंसक वळण लागलें, मोडतोड झाली, आणि पोलिसांनीं पुष्कळांस अटक केली. त्यांतील सोमनाथ सूर्यवंशी नांवाचा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबर रोजीं न्यायालयीन कोठडींत असतां मरण पावला. २०२५ मध्यें उच्च न्यायालयानें ह्या मृत्यूबद्दल गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, व सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्यास नकार दिला. त्या दिवसांत वर्गांत एका मुलानें विचारलें कीं, संविधान तर ग्रंथालयांत आहे, छापखान्यांत आहे, तें फाटलें तर दुसरें आणतां येईल. मग एवढें काय? प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारलेलें संविधान कोठेंहि फाटत नाहीं, हें खरेंच आहे. परंतु चौकांतली ती प्रत वाचण्यासाठीं ठेविलेली नाहीं. ज्या माणसाच्या आजोबांस त्या चौकांतल्या हॉटेलांत वेगळी कपबशी मिळत असे, तो मनुष्य रोज तिकडे पाहून कामावर जातो. हें गांव माझेंहि आहे, ह्याचा तो त्याचा दाखला. त्यावर घातलेला घाव त्यास स्वतःच्या नांवावर घातल्यासारखा वाटला, तर त्यांत आश्चर्य तें काय? मोडतोडीचें समर्थन मी करीत नाहीं. दुकानें फुटलीं त्यांचा कांहींच अपराध नव्हता. परंतु कारण समजून न घेतां केवळ शांततेचा उपदेश करणें हें शिक्षकाचें काम नव्हे.

स्मृतीशीं पोटाचाहि संबंध असतो, हें पाथरीनें दाखविलें. साईबाबांचें जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठीं शंभर कोटि रुपये देण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्यें मुख्यमंत्र्यांनीं केली. तेव्हां शिर्डीकरांनीं १९ जानेवारीपासून गांव बंद ठेविलें. ज्या संतानें स्वतःची जात व गांव कधीं सांगितलें नाहीं, त्याच्या जन्मावरून दोन गांवें भांडलीं! ह्याच्या उलट गंगाखेडची जनाबाई. गोदाकांठीं तिचें मंदिर आहे. परंतु सुमारें सातशें वर्षें तिचें खरें स्मारक जातें हें होतें. पहांटे दळावयास बसलेल्या बायांनीं तिची आठवण कोणत्याहि अनुदानावांचून राखली. जातीं गेलीं, पिठाच्या गिरण्या आल्या, आणि त्या ओव्या आतां फार थोड्या म्हाताऱ्यांच्या तोंडीं उरल्या आहेत.

म्हाताऱ्यांवरून एक काम सुचतें. १९४८ सालीं ज्यांचें वय दहा वर्षांचें होतें ते आज नव्वदीकडे झुकले आहेत. मुक्तिसंग्राम, रझाकार, पोलीस ॲक्शन हीं ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं अशीं माणसें सेलू, जिंतूर, मानवत, पालम, पूर्णा ह्या तालुक्यांच्या गांवांतून अजून थोडीं आहेत. आणखी दहा वर्षांनीं नसतील. येत्या दिवाळीच्या सुटींत नववी व दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें अशा एका तरी व्यक्तीस भेटावें. ती आपल्याच जातीची किंवा धर्माची असावी असा हट्ट धरूं नये. निदान एक मुलाखत दुसऱ्या आळींतल्या घरची असावी. विचारावयाचें तें साधें विचारावें. त्या दिवसांत घरांत काय शिजत असे. रात्रीं कोठें लपलां. कोणी आसरा दिला. कोण परत आलें नाहीं. झेंडा पहिल्यानें कोठें पाहिला. मध्यें बोलूं नये व आपलें मत सांगूं नये. रडूं आलें तर वही मिटून पाणी आणून द्यावें आणि त्या दिवशीं पुढें विचारूं नये. गांवांत वीरगळ असल्यास त्याचें चित्र काढून आणावें, व हुतात्मा स्मारक असल्यास त्यावरील नांवें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. कांहीं ठिकाणीं अक्षरें झिजत चाललीं आहेत. प्रत्येक नोंदीवर दिनांक, गांव आणि सांगणाऱ्याचें त्या वेळचें वय घालावें, आणि त्याचे शब्द त्याच्याच बोलींत ठेवावे. शुद्ध मराठींत फिरवूं नयेत. उर्दूंत सांगितलेलें देवनागरींत उतरून घ्यावें व अडलेल्या शब्दांसाठीं उर्दूच्या शिक्षकांकडे जावें. ह्या वह्यांसाठीं शाळेच्या ग्रंथालयांत खिडकीजवळचें कपाट रिकामें करून ठेविलें आहे.